परवान्याचं पुस्तक: कठाणीकाठचं मेंढा गाव आणि देवाजी तोफा

२७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले होते. त्यांच्या उपस्थितीत ग्रामसभेला वाहतूक परवान्यांचं पुस्तक देण्यात आलं. जंगलातला माल बाहेर न्यायचा तर हा परवाना लागतो. आमच्याकडे त्याला सगळे टीपीच (ट्रान्झिट पास) म्हणतात. माल कोणता, किती, कुठून कुठे चालला, गाडीचा नंबर काय, परवाना कधीपर्यंत चालेल, आणि खाली सही. कागद एवढाच. पण त्या सहीचा अधिकार इंग्रजांच्या काळापासून वनखात्याकडे होता, आणि त्या दिवशी तो देशात पहिल्यांदा एका गावाकडे आला.

जंगलाचा हक्क गावाला २००९ मध्येच मिळाला होता. मग परवान्यासाठी २०११ का उजाडावं लागलं? या अभ्यासाचा विषय हा मधला काळ आहे. त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं सांगितल्याशिवाय तो कळत नाही, म्हणून मागे जावं लागेल. सोबत देवाजी तोफा यांचं नाव सतत येईल, कारण या गावाची गोष्ट आणि त्यांचं आयुष्य वेगळं काढता येत नाही.

गाव, नदी आणि जंगल

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की शेतं मागे पडतात आणि दोन्ही बाजूंनी जंगल लागतं. हाच रस्ता पुढे मुरूमगावावरून छत्तीसगडात जातो. मेंढा हे या रस्त्यावरचं शंभरेक घरांचं, पाचशेच्या आसपास वस्तीचं गाव. शेजारच्या लेखा गावाची गटग्रामपंचायत होती, म्हणून कागदोपत्री मेंढा (लेखा). गावाच्या शिवारातला बहुतेक भाग जंगलाचा. सागवान, ऐन, बिजा, मोह, तेंदू आणि सगळीकडे बांबू.

गावाजवळून कठाणी वाहते. ती पुढे गडचिरोलीजवळ वैनगंगेला मिळते. वैनगंगा वर्धेला मिळाली की तिची प्राणहिता होते, आणि सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत जाते. पावसाळ्यात कठाणीला पूर आला की गडचिरोलीचा रस्ता बंद पडतो, तेवढ्यापुरतं तिचं नाव वर्तमानपत्रात येतं. एरवी तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. वैनगंगेवर गोसेखुर्दसारखं धरण आहे, १९८८ मध्ये त्याचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झालं, त्यावर आंदोलनं झाली, विधानसभेत चर्चा झाल्या. पण मोठ्या नदीत येणारं पाणी आणि गाळ कठाणीसारख्या लहान नद्यांतून येतो, आणि त्या नद्यांचं बरंवाईट दोन्ही काठांवरच्या जंगलावर ठरतं, याकडे दुर्लक्ष होतं.

या भागात वर्षाला साधारण १३०० ते १५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक तीन-साडेतीन महिन्यांत. उतारावर झाड नसलं की हा पाऊस माती घेऊन नदीत उतरतो. काठावरचे ओहोळ रुंदावतात, बांधी, म्हणजे धानाची शेतं, गाळानं भरतात, आणि पावसाळा सरला की नाल्यांचं पाणी लवकर आटतं. बांबूचं बेट ही धूप थोपवून धरतं. त्याच्या मुळांचं आणि कंदांचं जाळं जमिनीच्या वरच्या थरातच पसरतं आणि माती बांधून ठेवतं. आमच्या जंगलात मुख्यतः दोन प्रकारचे बांबू दिसतात. डोंगरउतारावर भरीव मानवेल, आणि नदी-नाल्याच्या ओलाव्याला काटेरी कटांग. म्हणून या भागात बांबूबद्दल घेतलेला प्रत्येक निर्णय नदीकाठाबद्दलचाही निर्णय असतो.

हक्क होता, मग गेला

स्वातंत्र्याआधी या पट्ट्यात जमीनदारी होती. लोकांना जंगलातून सरपण, इमारती लाकूड, बांबू, गवत, फळं घ्यायची मोकळीक होती. याला निस्तार म्हणत. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता. मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्यानं जमीनदारी आणि मालगुजारी संपवली. ते योग्यच झालं. पण जमीनदाराची जमीन कसणाऱ्याला मिळाली तशी जंगलं लोकांना मिळाली नाहीत. ती सरकारकडे गेली. निस्तारपत्रकांत हक्कांची नोंद राहिली, पण प्रत्यक्षात घराच्या कुडाला दोन बांबू आणायचे तरी भीत भीत आणावे लागत. त्याच वेळी त्याच जंगलातला बांबू कागद कारखान्याला करारानं मिळत होता, तोही अगदी कमी दरात. कारखान्याचे मजूर बेटात शिरले की सोयीचं ते तोडत, कोवळं-जून बघत नसत.

हे पाहत वाढलेल्या पिढीतले देवाजी तोफा. गोंड शेतकरी कुटुंबातले, याच गावचे. त्यांच्याबद्दल लिहिताना ‘नेते’ हा शब्द वापरायचा मोह होतो. मी तो टाळते, कारण त्यांनी जी पद्धत रुजवली तिच्यात एकाच्या शब्दावर गाव चालणं बसत नाही.

१९८० च्या दशकात गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम ही दोन धरणं प्रस्तावित होती. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन (२६ ऑगस्ट १९८२) थोडाच काळ लोटला होता. या धरणांनी दक्षिणेकडचं मोठं जंगल आणि आदिवासींची गावं बुडाली असती. त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे आणि आदिवासी नेते लाल श्याम शाह त्यात पुढे होते. मेंढा त्या बुडित क्षेत्रात नव्हतं, तरी इथले लोक आंदोलनात गेले. जंगल कोणाचं, त्याबद्दल ठरवायचं कोणी, हा प्रश्न तिथून गावात आला आणि गावातच राहिला.

याच काळात मोहन हिराबाई हिरालाल यांचा गावाशी संबंध आला. ते सर्वोदयी परंपरेतले, ‘वृक्षमित्र’ संस्थेचे. सर्वांच्या सहमतीनं निर्णय घेणारं गाव कुठे आहे, याचा ते शोध घेत होते. त्यांनी गावाला कार्यक्रम दिला नाही, पैसा आणला नाही. प्रश्न विचारले आणि गावाच्या शोधात सोबत केली. बाहेरचा माणूस गावात काय करू शकतो आणि काय करू नये, याचं एवढं स्वच्छ उदाहरण विदर्भात दुसरं मला माहीत नाही.

घोटुल आणि बसण्याची सवय

त्या वर्षांत गावानं घोटुल पुन्हा उभारायचं ठरवलं. गोंड तरुण-तरुणींना जगणं शिकवणारी ही जुनी संस्था बऱ्याच गावांतून नाहीशी झाली होती. निस्तारात लाकडाचा हक्क होता, म्हणून जंगलातलं सागवान आणून खांब रोवले. वनखात्यानं ते बेकायदा ठरवून घोटुल पाडलं. मग आजूबाजूची गावं एकत्र बसली, निषेध झाला, आणि घोटुल पुन्हा उभं राहिलं.

मला या घटनेतलं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. संघर्ष झाल्यावर गाव पांगलं नाही, बसत राहिलं. दारूचा प्रश्न चर्चेला आला तेव्हा बायकांनी तो लावून धरला. चर्चा लांबली, पण बहुमतानं मिटवून टाकली नाही. एकाचंही मन वळलं नसेल तर निर्णय पुढे ढकलायचा, असं ठरलं. ऐकायला हे अवघड वाटतं, आणि ते आहेही. पण बहुमताचा निर्णय झाला की हरलेला गट रात्री कुऱ्हाड घेऊन जंगलात जाऊ शकतो. एवढं मोठं जंगल राखायला पगारी माणसं नव्हती, म्हणून प्रत्येक घराचा होकार लागायचा.

निर्णय घ्यायचा तर माहिती हवी, म्हणून अभ्यासगट सुरू झाले. कोणी सक्तीनं येत नसे. ज्याला विषयात रस, तो बसणार. वनहक्क, कायदा, मधमाश्या, जमीन असे विषय. जाळून-पिळून मध काढायच्या पद्धतीऐवजी पोळं आणि माश्या शाबूत ठेवून मध काढायची रीत गावानं अशाच अभ्यासातून उचलली. अभ्यासगट निर्णय घेत नाही. तो समजून घेतो आणि सभेपुढे मांडतो. निर्णय ग्रामसभेचाच.

‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देवाजी तोफा आणि मेंढा यांच्या नावानं आज महाराष्ट्रभर ओळखली जाते. घोषणेच्या पहिल्या अर्ध्या भागाकडे लोक कमी लक्ष देतात. दिल्ली-मुंबईतलं सरकारही ‘आमचं’च आहे, असं त्यात म्हटलं आहे. पुढे परवान्यासाठी गाव सरकारशी झगडलं तेही याच भूमिकेतून: कायदा आमचा आहे, तो पाळा.

जंगलाचे नियम गावानं स्वतःला घालून घेतले. बाहेरच्या कोणाला व्यापारी तोड करू द्यायची नाही. गावातल्यांनी काय आणि किती घ्यायचं ते गावच ठरवेल. जंगलाला आग लावायची नाही. अतिक्रमण करायचं नाही. मातीची धूप थांबवायची कामं गाव करेल. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवणं ही आमच्या भागातली जुनी सवय. तेंदूला नवी कोवळी पालवी यावी म्हणूनही वणवे लावले जातात. मार्च-एप्रिलमध्ये रात्री डोंगरावर आगीची माळ दिसते, ती बहुतेक वेळा माणसानं लावलेली असते. ही आग बांबूचे कोंब, लहान रोपं आणि जमिनीवरचा पाला खाते, आणि जूनचा पहिला पाऊस उघड्या मातीवर पडतो. आग न लावण्याचा नियम म्हणूनच नदीसाठी सगळ्यांत मोठा. अतिक्रमणाचा नियमही सोपा नव्हता. जमिनीची भूक गावात होतीच. तरीही तो पाळला गेला.

कागद कारखान्याच्या बांबूतोडीला गावानं विरोध केला. संयुक्त वन व्यवस्थापनाची योजना आली तेव्हा गाव त्यातही उतरलं. एका बाजूनं विरोध, दुसऱ्या बाजूनं खात्याबरोबर काम, दोन्ही चालू होतं.

२००६ चा कायदा आणि पट्टा

२००६ मध्ये वनहक्क कायदा झाला आणि १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले. वैयक्तिक जमिनीच्या पट्ट्यांची चर्चा सगळीकडे झाली. दावेही बहुतेक तेच पडले. कायद्याच्या कलम ३(१) मध्ये एक वेगळी तरतूद आहे. गाव परंपरेनं जे जंगल वापरत आणि राखत आलं, त्याचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्या गावाला आहे. यालाच सामूहिक वनहक्क म्हणतात. कलम ५ ग्रामसभेला जंगल, वन्यजीव, पाणलोट आणि जलस्रोत राखण्याचा अधिकार देतं. नदीकाठ राखू पाहणाऱ्या गावाला याहून थेट आधार आपल्या कायद्यांत मला दुसरीकडे दिसत नाही.

मेंढा गावाची तयारी होती. ग्रामसभेची वनहक्क समिती दावा तयार करते, तो उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जातो. पुरावा म्हणून निस्तारपत्रक चालतं, वडीलधाऱ्यांचे जबाब चालतात. ज्या गावात अभ्यासगट वर्षानुवर्षं बसले होते तिथे हे कागद गोळा करणं जड गेलं नाही. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर मेंढा गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. त्याच वेळी शेजारच्या मारदा गावालाही पट्टा मिळाला. देशातली ही पहिली गावं.

अडलं कुठे

पट्टा मिळाल्यावर बांबू विकायचं गावानं ठरवलं. तिथे अडलं.

वनहक्क कायद्याच्या व्याख्येत बांबू हे गौण वनोपज आहे, म्हणजे मोह, हिरडा, डिंक, तेंदूपत्ता यांच्या रांगेतलं. गौण वनोपज गोळा करणं आणि विकणं हा हक्क कायद्यानं दिला. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबू येतो. वनखात्यानं तो धरून ठेवला. खात्याचं म्हणणं असं: बांबू हे झाड, म्हणून ते लाकूड, म्हणून वाहतुकीचा परवाना आमचा, आणि तो ग्रामसभेला नाही.

त्यात आणखी एक मेख होती. २००८ च्या नियमांत गौण वनोपज नेण्याची साधनं लिहिली होती: डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी. याचा अर्थ नीट डोळ्यांपुढे आणायला हवा. बांबूची एक काठी वीस-पंचवीस फुटांची. भारा बांधून डोक्यावर घेतला तर पुढून-मागून दोन्हीकडे वाकतो, जंगलवाटेवर वळणही घेता येत नाही. सायकलला आडवा बांधला तर चालवणं सोडाच, ढकलत न्यावी लागते. आमच्याकडे बुरड लोक (बांबूच्या टोपल्या-सुपं विणणारे) असे भारे वाहत आलेत, खांद्याला घट्टे पडेपर्यंत. चार-सहा काठ्या अशा जातात. १८०० हेक्टर जंगलाचा बांबू असा विकता येत नाही. त्याला ट्रक लागतो, आणि ट्रकला टीपी. मालकी गावाची, पण मोटार रस्त्यावर आली की नाक्यावर ती चोरीची. कायद्यानं एका हातानं दिलं ते नियमानं दुसऱ्या हातानं रोखलं होतं.

‘टीपी नाही त माल घरीच सडते,’ असं आमच्याकडच्या कुठल्याही बैठकीत ऐकू येतं. व्यापारी टीपीशिवाय मालाला हात लावत नाही. लावलाच तर धोक्याची किंमत आधीच भावातून कापून घेतो. गावाला भाव मिळाला नाही की माणसं कंटाळतात. राखणदारीला जाणारा म्हणतो, माझा दिवस बुडतो, हाती काय लागतं? मग कोणी तरी चोरून चार काठ्या विकतो, दुसरा बघतो, आणि नियम सैल पडत जातो. जंगल राखण्याचा खर्च गाव करणार आणि उत्पन्नाची चावी दुसऱ्याकडे राहणार, असं फार काळ चालत नाही. परवान्याचा प्रश्न व्यापाराचा वाटतो खरा, पण काठावरचा बांबू पुढच्या पिढीला दिसणार की नाही, तेही त्यावरच होतं.

यावर खात्याची शंका काय होती, तीही सांगायला हवी, कारण ती अगदीच निराधार नव्हती. पुस्तक गावाच्या हाती दिलं तर व्यापारी गावाला हाताशी धरून जंगल साफ करेल, शेजारच्या सरकारी जंगलातला बांबू गावाच्या टीपीवर जाईल. अशी प्रकरणं कुठेच होणार नाहीत, असं मी म्हणणार नाही. पण या शंकेचं उत्तर बेटातच मिळतं.

बांबू तोडायची रीत बघा. पावसाळ्यात जमिनीतून नवे कोंब येतात. आमच्याकडे त्यांना वास्ते म्हणतात, भाजीही करतात. म्हणून पावसात तोड बंद. त्या वर्षीची काठी हिरवी, मऊ, अंगावर पापुद्र्यांची टरफलं असलेली. तिला हात लावायचा नाही. दुसऱ्या वर्षीचीही ठेवायची, कारण तिच्या आधारानंच नवा कोंब सरळ वाढतो. जून झालेली तोडायची, तीही जमिनीपासून वीतभर-हातभर उंचीवर, पेराच्या, म्हणजे गाठीच्या, लगेच वर. गाठ सोडून मधेच तोडलं आणि पोकळ भाग उघडा राहिला तर त्यात पाणी साचतं आणि बुडखा कुजतो. बेटात काही जून काठ्या सोडायच्याच, नाहीतर उरलेलं बेट वाऱ्यात आडवं होतं. कंद खणायचा नाही. एका बेटाला हात लावला की तीन-चार वर्षं परत यायचं नाही. खात्याच्या पुस्तकातही हेच नियम आहेत. फरक एवढाच, की दिवसाच्या भाऱ्यावर मजुरी मोजणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाला बेटाच्या मधे शिरून जून काठी शोधायला वेळ नसतो, तो कडेची कोवळी तोडतो. ज्याला चार वर्षांनी त्याच बेटाकडे परत यायचं आहे, तो मधे शिरतो.

मेंढा गावाकडे या रितीचे जाणते होते, आग न लावण्याचा आणि फेरी मारण्याचा शिरस्ता होता, आणि तक्रार झाली तर ऐकून घ्यायला ग्रामसभा होती. पुस्तक मागण्याआधीची पंचवीस वर्षं हीच गावाची खरी हमी होती. याची नोंद कुठल्या शासकीय अर्जात करायची सोय नाही, हा आपल्या व्यवस्थेचा दोष आहे आणि तो अजूनही तसाच आहे.

सुटलं कसं

गाव मागणी धरून बसलं. देवाजी तोफा आणि ग्रामसभेनं अर्ज-विनंत्या, पत्रव्यवहार, प्रश्न चालू ठेवले. बाहेरच्या पत्रकारांनी आणि संस्थांनी विषय दिल्लीपर्यंत पोहोचवला. २१ मार्च २०११ रोजी जयराम रमेश यांनी सर्व राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं: बांबू हे गौण वनोपज समजा आणि जिथे सामूहिक हक्क दिले आहेत तिथे ग्रामसभांना परवाने देऊ द्या. महिन्याभरानं ते स्वतः मेंढा गावात आले. सुरुवातीला सांगितलेला प्रसंग तो.

नियम मात्र अजून जुनाच होता. एका गावासाठी मंत्री आले म्हणून काम झालं. प्रत्येक गावात मंत्री येत नाही. ६ सप्टेंबर २०१२ रोजी वनहक्क नियमांत दुरुस्ती झाली आणि तिचं श्रेय मेंढा गावाच्या लढ्याला बऱ्याच अंशी द्यावं लागेल. डोक्यावरचा भारा, सायकल, हातगाडी ही अट गेली. योग्य त्या वाहनानं, जंगलाच्या आत आणि बाहेरही माल नेता येईल असं झालं. वाहतूक परवाना ग्रामसभेनं नेमलेली समिती किंवा ग्रामसभेनं अधिकार दिलेली व्यक्ती देईल. परवान्याच्या पद्धतीमुळे विक्रीचा हक्क कुठेही कमी होणार नाही. आणि या मालावर रॉयल्टी वा शुल्क लागणार नाही. १९२७ च्या कायद्यातली व्याख्या मात्र २०१७ च्या नोव्हेंबरात बदलली, तीही वनक्षेत्राबाहेरच्या बांबूपुरती. शेतातला बांबू सुटला. जंगलातल्या बांबूला आधार आजही वनहक्क कायद्याचाच.

पुढे

बांबूच्या विक्रीतून ग्रामसभेकडे पैसा आला. पैशानं गावं फुटतात, हे आपण पाहतोच. इथे हिशेब सभेपुढे मांडायची सवय आधीपासून होती, म्हणून ते निभावलं. रोजगार हमीच्या कामांसाठी ग्रामसभेलाच यंत्रणा म्हणून मान्यता मिळाली, आणि माती-पाण्याची कामं कुठे करायची ते गावाला ठरवता आलं.

२०१३ मध्ये गावानं ग्रामदानाचा निर्णय घेतला. महाराष्ट्रात ग्रामदानाचा कायदा १९६४ पासून आहे. विनोबांच्या चळवळीच्या ओसरत्या काळात झालेला आणि नंतर जवळजवळ विस्मरणात गेलेला. ग्रामदानात जमिनीची मालकी ग्रामसभेकडे येते, कसणारा पूर्वीसारखाच कसत राहतो, पण गावाबाहेरच्या माणसाला विकू शकत नाही. जंगल गावाकडे आणि शेतं मात्र एकेक करून बाहेरच्याच्या नावावर, असं झालं तर नदीकाठची जमीन राखली असं म्हणता येणार नाही. रस्त्याकडेच्या आणि पाण्याजवळच्या शेतांना गिऱ्हाईक कसं लागतं, हे विदर्भातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावाभोवती दिसतं. वनहक्कातून जंगल आणि ग्रामदानातून शेती, असे दोन्ही मिळून कठाणीच्या या काठाचं संरक्षण पुरं होतं. हा विचार मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत दूरचं पाहणारा वाटतो. अंमलबजावणीसाठी मात्र सरकारकडे गावाला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली.

मेंढा गावाची नक्कल कुणी करू नये, आणि झालीही नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजारेक हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. त्यांनी बांबू विकला, पण तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. तेंदूपत्त्यासाठी झाडाची छाटणी होते, बूटकटाई (झुडपं बुडाशी तोडणं) होते, आणि मग टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, लागत नाहीत. पक्ष्या-प्राण्यांना आणि पोरांना फळ राहावं म्हणून हातचं उत्पन्न सोडलं. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावानं उघडं-बोडकं जंगल परत उभं केलं, सीताफळ विकलं, आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळवला. गडचिरोली-गोंदियातल्या अनेक ग्रामसभा २०१३ पासून तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. फळीवर (पानं गोळा करण्याच्या जागी) पुडे मोजताना आता गावाचाच माणूस वही घेऊन बसतो. प्रत्येक ठिकाणी निर्णय वेगळा निघाला, कारण तो तिथल्या लोकांनी घेतला.

एक मोठी परीक्षा अजून बाकी आहे. बांबू काही दशकांतून एकदा सामूहिक फुलतो आणि फुलल्यावर सगळी बेटं वाळतात. त्या वर्षी जंगलात वाळलेल्या काठ्यांचा ढीग असतो, आगीचा धोका कैक पटीनं वाढतो, आणि पुढची काही वर्षं विकायला काही नसतं. बियाणं मातीत पडलेलं असतं. चराई आणि आग रोखली तरच ते उगवून वर येतं. उत्पन्न शून्य आणि राखण दुप्पट, अशी ती वर्षं. त्या काळासाठी ग्रामकोषात पैसा बाजूला ठेवणं आणि तरुण पोरांना हे आतापासून माहीत असणं, ही तयारी बांबूवर अवलंबून असलेल्या प्रत्येक ग्रामसभेनं करावी. उत्पन्नाच्या वर्षांत याबद्दल बोलायला कोणी तयार नसतं, म्हणून अभ्यासगटात हा विषय घ्यावा.

विदर्भातल्या अनेक गावांकडे सामूहिक हक्काचा पट्टा आहे आणि तो कपाटात आहे. त्यांच्यासाठी मेंढा गावाच्या लढ्यातून तयार झालेली वाट अशी: वनहक्क नियमांतल्या नियम ४(१)(ङ) प्रमाणे ग्रामसभेची समिती नेमलेली असावी. परवान्यावर सही कोणी करायची याचा ठराव सभेत सर्वांसमोर व्हावा आणि सहीचा नमुना, शिक्का ठरावासोबत वनखात्याला कळवावा. परवान्याची स्थळप्रत ग्रामसभेकडे राहावी, आणि किती बांबू कुठल्या भागातून निघाला त्याची नोंद दर सभेत वाचली जावी. नाक्यावर गाडी अडवली तर २०१२ ची दुरुस्ती गाडीतच ठेवलेली असावी, मराठीतून, ठरावाच्या प्रतीला टाचून.